ब्रिगहॅम यंग : वाळवंटांत नगर वसविणारा सुतार

अमेरिकेच्या पश्चिम भागांतील यूटा संस्थानांत दरवर्षीं जुलै महिन्याच्या २४ व्या तारखेस सार्वजनिक सुट्टी असते. १८४७ सालीं त्याच दिवशीं एक आजारी मनुष्य गाडींत पडल्या पडल्या डोंगराच्या घाटांतून खालीं उतरला, समोर पसरलेलें उजाड खोरें त्यानें पाहिलें आणि आपल्या लोकांची वस्ती येथेंच व्हावी असें ठरविलें. त्या मनुष्याचें नांव ब्रिगहॅम यंग. धंद्यानें तो सुतार होता. त्या उजाड खोऱ्यांत आज सॉल्ट लेक सिटी हें मोठें शहर उभें आहे.

चरित्रें वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांस एक संवय जडलेली आम्ही पाहतों. चरित्रनायक एकदां थोर ठरला कीं त्याचें सर्वच कृत्य थोर, आणि त्याचा एखादा मोठा दोष कानीं आला कीं तो मनुष्य सर्वथैव टाकाऊ, असा निवाडा ते चटकन् देऊन मोकळे होतात. ब्रिगहॅम यंगचें चरित्र अशा घाईच्या निवाड्यास दाद देत नाहीं. मॉर्मन मंडळीच्या कित्येक मतांशीं इतर ख्रिस्ती मंडळ्यांचा तीव्र विरोध आहे. परंतु त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. एका मनुष्यानें हजारों निराश्रितांचें नेतृत्व कसें केलें, आणि त्या नेतृत्वाचा हिशेब कसा मांडावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ब्रिगहॅमचा जन्म १ जून १८०१ रोजीं व्हर्मांट संस्थानांतील व्हिटिंगहॅम या गांवीं झाला. अकरा भावंडांत तो नववा. बाप जॉन यंग हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत लढलेला शिपाई. पण शेतीवर कुटुंबाचें पोट भरतां भरतां त्याची दमछाक होई. पुढें हें कुटुंब न्यूयॉर्क संस्थानांत गेलें. तेथें जंगल तोडावें, जमीन साफ करावी, व पुन्हा दुसरीकडे बिऱ्हाड हलवावें, असा त्यांचा क्रम चालला. १८१५ सालीं क्षयरोगानें आई वारली, तेव्हां ब्रिगहॅम चौदा वर्षांचा होता. शाळेंत आपण सारे अकराच दिवस गेलों असें तो पुढें सांगत असे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यानें घर सोडलें आणि सुतारकाम, रंगकाम व खिडक्यांस कांचा बसविण्याचें काम शिकून तो आपल्या पायांवर उभा राहिला.

१८२४ सालीं मिरियम वर्क्स नांवाच्या मुलीशीं त्याचें लग्न झालें. लौकरच तिलाही क्षयानें गांठलें. सकाळीं उठून न्याहारी करावी, मुलींस कपडे घालावेत, आजारी पत्नीस उचलून शेगडीजवळच्या खुर्चींत बसवावें, मग दिवसभर मजुरी करावी व संध्याकाळीं परत येऊन स्वयंपाक करावा, अशीं कित्येक वर्षें त्यानें काढलीं. १८३० सालीं जोसेफ स्मिथनें 'मॉर्मनचें पुस्तक' प्रसिद्ध करून नवी मंडळी स्थापिली. तिचें संपूर्ण नांव पुढें 'शेवटल्या दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी' असें ठरलें. पुस्तक हातीं पडल्यावर यंगनें सुमारें दोन वर्षें विचार केला, आणि १८३२ च्या एप्रिलांत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षीं मिरियम वारली. तेथून पुढचें त्याचें सारें आयुष्य या मंडळीच्या आयुष्याशीं एकरूप झालें. १८३५ सालीं मंडळीच्या बारा प्रेषितांत त्याची निवड झाली.

या नव्या मंडळीस कोठेंही थारा मिळेना. तिचे लोक एकत्र राहत, एकत्र व्यापार करीत व एकजुटीनें मत देत. त्यांचे धर्मविचारही शेजाऱ्यांस विचित्र वाटत. मिसूरी संस्थानांत दंगे झाले, आणि १८३८ च्या ऑक्टोबरांत तेथील गव्हर्नर बॉग्ज यानें या लोकांस एक तर संस्थानाबाहेर घालवावें, नाहीं तर त्यांचा निःपात करावा असा हुकूम काढला. जोसेफ स्मिथ तुरुंगांत पडला होता. ऐन हिवाळ्यांत हजारों लोक मिसूरींतून बाहेर काढण्याचा भार यंगवर पडला. ज्यांस साधन आहे त्यांनीं ज्यांस नाहीं त्यांस मागें टाकूं नये, अशी शपथ त्यानें लोकांकडून घेवविली. नेतृत्वाचें मर्म तो येथें शिकला असें आम्हांस वाटतें.

इलिनॉय संस्थानांत मिसिसिपी नदीच्या कांठीं नॉव्हू हें नवें गांव वसलें. १८४० सालीं यंग इंग्लंडांत प्रचारास गेला. तेथें त्यानें पुस्तकें व मासिक छापण्याची व्यवस्था केली आणि गिरण्यांच्या शहरांतील गरीब मजुरांस जहाजानें अमेरिकेंत नेण्याची योजना बसवून दिली. सुताराच्या अंगचा व्यवस्थापक येथें प्रथम जगापुढें आला. परंतु २७ जून १८४४ रोजीं कार्थेजच्या तुरुंगावर जमावानें हल्ला करून जोसेफ स्मिथ व त्याचा भाऊ हायरम यांस ठार केलें. मंडळी आतां फुटणार असेंच सर्वांस वाटलें. ऑगस्टमध्यें भरलेल्या सभेंत बहुसंख्य लोकांनीं यंग व त्याचे सहकारी प्रेषित यांचें पुढारीपण मान्य केलें.

नॉव्हू सोडावें लागणार हें लौकरच उघड झालें. १८४६ च्या फेब्रुवारींत थंडीनें गोठलेली मिसिसिपी ओलांडून हे लोक पश्चिमेकडे निघाले. आयोवाच्या चिखलांतून वाट काढतां काढतां महिने गेले. यंगनें वाटेंत ठिकठिकाणीं मुक्कामाचीं गांवें वसविलीं; पुढें गेलेल्यांनीं शेत पेरावें व मागून येणाऱ्यांनीं तें कापावें, अशी त्याची योजना होती. मिसूरी नदीच्या कांठीं 'विंटर क्वार्टर्स' या छावणींत त्यांनीं हिवाळा काढला. रोगराईनें व उपासमारीनें तेथें शेंकडों माणसें दगावलीं. त्याच सालीं मेक्सिकोशीं युद्ध सुरू झालें. सरकारनें मागितलेली सुमारें ५०० माणसांची पलटण यंगनें दिली, आणि त्या शिपायांच्या पगाराचा बराच भाग प्रवासखर्चाच्या कामीं आला.

१८४७ च्या वसंतऋतूंत पहिली तुकडी पुढें निघाली. तींत १४३ पुरुष, ३ स्त्रिया व २ मुलें होतीं. सुमारें १००० मैलांची वाट. दिवसाची मजल मोजतां यावी म्हणून या लोकांनीं गाडीच्या चाकास जोडावयाचें लांकडी दांत्यांचें एक यंत्र वाटेंतच तयार केलें. उजाड मुलूख पसंत करण्यांतही यंगचा हिशेब होता. सुपीक भूमि दुसऱ्यांस हवीशी वाटली, म्हणूनच आपणांस दोनदां हुसकलें गेलें, हें तो विसरला नव्हता. जी जमीन कोणास नको तेथें आपण टिकूं असें त्यास वाटे. तो प्रदेश त्या वेळीं मेक्सिकोचा होता. पुढच्याच वर्षीं तहानें तो अमेरिकेकडे आला.

तुकडीतील पुढचे लोक यंगच्या आधीं एक-दोन दिवस खोऱ्यांत पोंचले. जमीन इतकी कडक होती कीं नांगर मोडले. तेव्हां त्यांनीं डोंगरांतून येणाऱ्या ओढ्यास बांध घालून पाणी शेतावर फिरविलें, जमीन भिजूं दिली, आणि मग नांगर धरून बटाटे पेरले. ज्या कामावर पुढचें सारें अवलंबून होतें तें हेंच. पाऊस थोडा, खाऱ्या सरोवराचें पाणी निरुपयोगी. आधार काय तो डोंगरांवरील बर्फाच्या पाण्याचा. यंगनें आरंभींच नियम घालून दिला कीं ओढ्यांवर कोणाचीही खाजगी मालकी असणार नाहीं. ओढे व डोंगरांतील लांकूड हीं सर्वांचीं. पाट सर्वांनीं श्रम करून खणावा, जेवढे श्रम तेवढा पाण्यावर हक्क, आणि नेमलेल्या पाटकऱ्यानें ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणें पाणी सोडावें, अशी रीति पडली. इंग्लंडांतून व स्कँडिनेव्हियांतून आलेल्या ज्या लोकांनीं जन्मांत पाट पाहिला नव्हता ते अशा रीतीनें कोरड्या भूमीचे शेतकरी झाले.

नगराची आंखणीही तशीच विचारपूर्वक झाली. दहा दहा एकरांचे चौकोन, प्रत्येकांत आठ वाड्यांच्या जागा, आणि मधले रस्ते १३२ फूट रुंद. जोसेफ स्मिथनें पूर्वीं काढलेल्या नकाशाचा आधार येथें घेतला होता. जेथें एकही घर नाहीं तेथें एवढे रुंद रस्ते आंखणारा मनुष्य त्या वेळीं वेडा वाटला असल्यास नवल नाहीं. पुढील वर्षीं पीक उभें असतां नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या झुंडी त्यावर पडल्या. पुष्कळ पीक गेलें. परंतु सरोवरावरील पांढरे कुरव पक्षी थव्यांनीं आले व किडे खाऊं लागले, त्यामुळें कांहीं तरी हातीं लागलें. त्या पक्ष्यांचें स्मारक सॉल्ट लेक सिटींत १९१३ सालीं उभारलें गेलें.

१८५० सालीं यूटा प्रांत बनला आणि यंग त्याचा पहिला गव्हर्नर झाला. त्याच्या हयातींत सुमारें साडेतीनशें वसाहती वसल्या. एखादें खोरें निवडावें, तेथें लागणारा लोहार, गवंडी, दळणारा व शिक्षक यांचीं नांवें काढावीं, आणि सभेंत तीं वाचून दाखवावीं. ज्यांचीं नांवें निघत ते बहुधा आपलें नुकतेंच बांधलेलें घर सोडून मुकाट्यानें जात. १८४९ सालीं काढलेल्या एका फंडांतून गरीब प्रवाशांस पैसा उसना मिळे व त्यांनीं कमावूं लागल्यावर तो फेडावयाचा असे. या मंडळीचे उपदेशक १८५२ सालीं आमच्या मुंबईसही आले. ह्यू फिंडले नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें मुंबईंत व पुण्यास प्रचार केला, परंतु त्यास फारसें फळ न येतां कांहीं वर्षांत तें काम थांबलें.

अकरा दिवस शाळेंत गेलेल्या या पुरुषास शिक्षणाची आस्था मोठी होती. खोऱ्यांत पाऊल टाकल्यास तीन वर्षेंही झालीं नव्हतीं तोंच १८५० सालीं डेझरेट विश्वविद्यालयाची स्थापना झाली. त्याचेंच आजचें यूटा विश्वविद्यालय. प्रोव्हो येथें १८७५ सालीं त्यानें काढलेल्या विद्यालयाचें पुढें ब्रिगहॅम यंग विश्वविद्यालय झालें. इंग्रजीचें वर्णलेखन परदेशी लोकांस फार जड जातें म्हणून उच्चाराप्रमाणें लिहिण्याची ३८ अक्षरांची एक नवी लिपीही त्यानें तयार करविली. १८६८ सालीं तींत क्रमिक पुस्तकें छापलीं. पण लोकांनीं ती उचलली नाहीं. स्त्रियांनीं हिशेब ठेवावे, वैद्यक शिकावें, असा त्याचा आग्रह असे. यूटांतून पूर्वेकडे जाऊन रोमेनिया प्रॅट हिनें १८७७ सालीं वैद्यकाची पदवी मिळविली. १८७० च्या फेब्रुवारींत यूटांतील स्त्रियांस मताचा हक्क मिळाला आणि दोनच दिवसांनीं सॉल्ट लेक सिटीच्या निवडणुकींत सेराफ यंग या तरुण शिक्षिकेनें मत दिलें. ती ब्रिगहॅमच्या भावाची नात होती. १८८७ सालीं अमेरिकन सरकारनें तो हक्क काढून घेतला. १८९६ सालीं यूटा संस्थान झालें तेव्हां तो परत मिळाला.

येथवरचें चरित्र वाचून कोणासही आदर वाटावा. आतां दुसरी बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे.

१८५६ सालीं पैशाची टंचाई पडली. तेव्हां बैलगाड्यांऐवजीं प्रवाशांनीं हातगाड्या ओढीत पायीं यावें, ही कल्पना यंगनें अमलांत आणली. पहिल्या तुकड्या सुखरूप पोंचल्या. परंतु विली व मार्टिन यांच्या हाताखालील दोन तुकड्या, मिळून सुमारें १००० माणसें, फार उशीरां निघाल्या. ओल्या लांकडाच्या गाड्या वाटेंत मोडल्या आणि डोंगरांत बर्फानें त्यांस गांठलें. ४ ऑक्टोबरला ही बातमी यंगला समजली. दुसऱ्याच दिवशीं भर सभेंत त्यानें उपदेश बाजूस ठेवून खेंचरें, गाड्या, पीठ व कपडे मागितले, आणि मदतीच्या गाड्या ताबडतोब निघाल्या. त्या गेल्या म्हणून बहुतेक लोक वांचले. तरी २०० हून अधिक माणसें मेलीं. यंगनें उशीरां निघूं देणाऱ्यांस कडक दोष दिला. तो दोष खोटा नव्हता. परंतु योजना मूळ कोणाची, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

पुढील वर्षीं याहून भयंकर प्रकार घडला. मॉर्मन लोक सरकारास जुमानीत नाहींत अशा तक्रारींवरून अध्यक्ष ब्यूकॅनन यानें नवा गव्हर्नर व त्याजबरोबर सैन्य पाठविलें. पुन्हा एकदां आपणांस हुसकणार, या भीतीनें सारा प्रांत पेटला. यंगनें तिखट भाषणें केलीं, लष्करी कायदा पुकारला, आणि परक्या प्रवाशांस धान्य विकूं नये असें सांगितलें. अशा वेळीं आर्कान्सासहून कॅलिफोर्नियाकडे जाणारा एक तांडा दक्षिण यूटांतून चालला होता. ११ सप्टेंबर १८५७ रोजीं माउंटन मेडोज येथें स्थानिक मॉर्मन शिपायांनीं, कांहीं पाय्यूट लोकांस बरोबर घेऊन, पांढरें निशाण दाखवून त्या लोकांस हत्यारें खालीं ठेवावयास लाविलें व ठार केलें. सुमारें १२० पुरुष, स्त्रिया व मुलें मेलीं. १७ लहान बालकें तेवढीं वांचलीं. यंगनें ही कत्तल करविली असा पुरावा नाहीं. तांड्यास जाऊं द्यावें असें त्याचें पत्र निघालें होतें, पण तें दोन दिवस उशीरां पोंचलें. तरीही लोकांचीं मनें ज्या शब्दांनीं भडकलीं त्यांत त्याचे शब्द होतेच; आणि पुढें न्यायाच्या कामास वीस वर्षें लागलीं, त्यांतही जॉन ली या एकट्यासच १८७७ सालीं देहान्त शिक्षा झाली. सरकाराशीं चाललेला झगडा मात्र १८५८ सालीं लढाई न होतां मिटला, आणि यंगनें गव्हर्नरपद सोडलें.

आणखीही गोष्टी आहेत. ज्या खोऱ्यांत वसाहती झाल्या तीं यूट, पाय्यूट, शोशोनी इत्यादि लोकांचीं शिकारीचीं व मासेमारीचीं ठिकाणें होतीं. त्यांच्याशीं लढण्यापेक्षां त्यांस अन्न द्यावें असें यंग पुढें शिकवीत असे. परंतु १८५० सालीं प्रोव्होच्या परिसरांत यूट लोकांवर झालेल्या हल्ल्यास त्याचीच संमति होती, आणि वसाहती वाढत गेल्या तसतसे ते लोक उपासमारीस लागले. १८५२ सालीं यूटांत गुलामगिरीस कायद्यानें मान्यता मिळाली ती त्याच्याच गव्हर्नरीत. त्याच वर्षीं त्यानें जाहीर केलेली काळ्या वर्णाच्या पुरुषांवरील पुरोहितपदाची बंदी त्याच्या मंडळींत १९७८ पर्यंत टिकली. बहुपत्नीकत्वही १८५२ सालींच उघड जाहीर झालें. खुद्द यंगच्या पत्नींची संख्या पन्नासांहून अधिक होती. त्यांपैकीं सोळा जणींपासून त्यास पन्नासांवर मुलें झालीं. ॲन एलायझा नांवाच्या पत्नीनें १८७३ सालीं त्याजवर घटस्फोटाचा दावा केला आणि गांवोगांव व्याख्यानें देऊन आपली कहाणी सांगितली. स्त्रियांच्या शिक्षणास उत्तेजन देणारा आणि त्यांस अशा संसारांत बांधणारा पुरुष एकच होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. ही चाल मंडळीनें १८९० सालीं बंद केल्याचें जाहीर केलें.

उतारवयांत त्यानें आपल्या नगरास जगाशीं जोडलेलें पाहिलें. १८६१ च्या ऑक्टोबरांत तारायंत्र सॉल्ट लेक सिटीस पोंचलें, १८६९ सालीं आगगाडीची पूर्वपश्चिम वाट यूटांत जोडली गेली, आणि पुढच्याच जानेवारींत त्यानें काढलेला फांटा शहरांत आला. १८५३ सालीं ज्या मंदिराची कोनशिला बसविली तें मात्र त्याच्या डोळ्यांदेखत पुरें झालें नाहीं. तें १८९३ सालीं पुरें झालें. २९ ऑगस्ट १८७७ रोजीं, वयाच्या ७७ व्या वर्षीं, पोटाच्या विकारानें त्याचा अंत झाला. आपली पेटी साध्या फळ्यांची असावी व शोकाचा डामडौल नसावा, असें तो आधींच लिहून ठेवून गेला होता.

आतां हा हिशेब मांडावयाचा कसा? जमाखर्च एकमेकांत वळते करून शिल्लक काढावी ही रीति दुकानदारीस ठीक. मनुष्याच्या चरित्रास ती लागू पडत नाहीं. सर्वांच्या मालकीच्या पाण्यानें माउंटन मेडोजचें रक्त धुवून निघत नाहीं, आणि त्या रक्तामुळें पाट खणणाऱ्यांचे श्रम खोटेही ठरत नाहींत. दोन्ही गोष्टी एकाच मुळांतून निघाल्या आहेत असें आमचें मत आहे. पुढाऱ्यानें नांव वाचलें कीं घरदार सोडून निघणारे लोक होते, म्हणूनच साडेतीनशें गांवें वसलीं. पुढाऱ्यानें शत्रु दाखविला कीं प्रश्न न विचारणारे लोक होते, म्हणूनच ती कत्तल घडूं शकली. ज्याच्या शब्दास हजारों माणसें मान देतात त्याचे रागाचे शब्दही हुकूम म्हणून ऐकले जातात, आणि मागाहून पाठविलेलें शहाणपणाचें पत्र वेळेवर पोंचेलच असें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण उद्यां ग्रामपंचायतींत, शाळांत, कचेऱ्यांत व मंडळ्यांत पुढारी होतील; पुष्कळ जण अनुयायी होतील. पहिल्यांनीं यंगपासून पाण्याची पाळी कशी बांधावी, दुबळ्यांस बरोबर कसें न्यावें, संकटाची वार्ता येतांच भाषण थांबवून गाड्या कशा जोडाव्या, हें अवश्य शिकावें, आणि आपल्या जिभेस लगाम घालावा. दुसऱ्यांनीं त्याच्या लोकांपासून एकजूट व श्रम शिकावे. परंतु पांढरें निशाण हातीं देऊन कोणी कपट करावयास सांगितल्यास, सांगणारा कोणीही असो, तें निशाण खालीं ठेवावें.